खोके, तबकडी आणि संहिता

स्टीफन कॅब्रिनेटी यांचे १९९५ साली वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी निधन झाले, तेव्हा त्यांच्या मागे हजारो खोकी उरली होती. घरगुती संगणकांवर चालणाऱ्या आज्ञावलींची, आणि त्यांतही प्रामुख्याने खेळांची, ही खोकी होती. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत घरगुती संगणकांचा व्यवसाय उभा राहिला. त्यानंतरच्या सुमारे वीस वर्षांचे जणू दप्तरच या तरुणाने गोळा केले होते. आज्ञावलींच्या जतनासाठी त्यांनी १९८९ मध्ये एक संस्थाही स्थापन केली होती. संगणकावरचा खेळ म्हणजे दोन वर्षांत अडगळीत जाणारे मुलांचे खेळणे, असा समज सर्वत्र असताना एक मनुष्य त्यांची खोकी न उघडता, वेष्टनासह, एकावर एक रचून ठेवत होता. १९९८ साली हा संग्रह कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आला. त्यात सुमारे पंधरा हजार शीर्षके होती.

ग्रंथालयाने संग्रह स्वीकारला खरा. परंतु आपण नेमके काय स्वीकारले आहे, हा प्रश्न त्याबरोबरच उभा राहिला. पुस्तकाच्या बाबतीत वस्तू आणि मजकूर सहसा एकमेकांपासून अलग होत नाहीत. कागद शाबूत असेल तर अक्षरे शाबूत असतात, आणि कागदाला कसर लागली तर ती डोळ्यांना दिसते. संगणक-खेळाचे तसे नाही. खोके कोरे करकरीत असेल, आतील हस्तपुस्तिकेचा वास अजून नवा असेल, तबकडीवरील रंगीत चिठ्ठी जशीच्या तशी असेल, आणि तरीही त्या तबकडीवर काहीही उरलेले नसेल. बाहेरून पाहून ते कळण्याचा मार्ग नाही.

फ्लॉपी तबकडी ही मुळात एक पातळ प्लॅस्टिकची चकती. तिच्यावर लोहकणांचा लेप असतो आणि तो लेप एका चिकट द्रव्याने चकतीला धरून ठेवलेला असतो. त्या कणांच्या चुंबकत्वाच्या दिशा हीच तिची अक्षरे. काळाच्या ओघात चुंबकत्व क्षीण होते, चिकट द्रव्याचा गुण जातो, दमट हवेत बुरशी धरते; आणि अशा तबकडीवरून वाचनयंत्राचे टोक फिरले की लेप खरवडून निघतो. म्हणजे जुनी तबकडी वाचण्याचा प्रयत्न हाच कधी कधी तिचा शेवट ठरतो. न वाचावी तर ती आपोआप पुसट होत जाते. संग्राहक आणि जतनकार यांच्यातील वादाचे मूळ या पेचात आहे. संग्राहकाच्या लेखी अस्पर्शित खोके हे पूर्णत्व. जतनकाराच्या लेखी ती न वाचलेली, आणि म्हणून दिवसेंदिवस नाहीशी होत चाललेली पोथी.

स्टॅनफर्डने या पेचातून जो मार्ग काढला तो मोठा वेगळा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेकडे आज्ञावलींचा एक संदर्भसंग्रह आहे. त्याचा हेतू वाङ्मयीन नाही, गुन्हे-अन्वेषणाचा आहे. जप्त केलेल्या संगणकावरील लक्षावधी फाइलींपैकी बाजारातील नेहमीच्या आज्ञावलींच्या फाइली कोणत्या हे पोलिसांना चटकन ओळखता यावे, म्हणून ही संस्था प्रत्येक ज्ञात फाइलीची एक अंकमुद्रा काढून ठेवते. मूळ फाइलीतील एकच अंश बदलला तरी ही मुद्रा पार बदलते. २०१० नंतरच्या दशकात कॅब्रिनेटी संग्रहाची खोकी कॅलिफोर्नियातून मेरिलँडमधील गेथर्सबर्ग येथे या संस्थेच्या प्रयोगशाळेत जाऊ लागली. तेथे तबकड्यांच्या प्रतिमा, म्हणजे अंशन्अंश प्रती, काढल्या गेल्या. खोक्यांची आणि हस्तपुस्तिकांची छायाचित्रे घेतली गेली. चोर पकडण्यासाठी निर्मिलेले साधन वाङ्मयाच्या उपयोगी पडावे, हा योगायोग गमतीचा आहे. पण त्यामागे तत्त्व एकच आहे. ही प्रत मूळ प्रतीशी तंतोतंत जुळते काय, हा पोलिसांचाही प्रश्न असतो आणि पाठचिकित्सकाचाही.

मात्र मूळ प्रत हाती असणे आणि ती वाचता येणे यांत त्या काळच्या प्रकाशकांनी मुद्दाम अंतर निर्माण करून ठेवले होते. ‘अ‍ॅपल टू’ या संगणकासाठी स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी १९७८ मध्ये जे तबकडी-यंत्र रचले, त्यात यंत्राचे भाग अगदी थोडे होते. लेखन-वाचनाचे बहुतेक काम आज्ञावलीवर सोपवलेले होते. या काटकसरीमुळे यंत्र स्वस्त झाले, पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. तबकडीवर अक्षरे कशी मांडायची हे प्रत्येक प्रकाशकाला स्वतः ठरवता येऊ लागले. नेहमीच्या पद्धतीने पस्तीस वर्तुळांत, प्रत्येकी सोळा खंडांत, अवघा एकशेचाळीस किलोबाइट मजकूर या तबकडीवर मावे, इंग्रजी लघुकादंबरीएवढा. प्रकाशकांनी ही मांडणी मोडली. कोणी दोन वर्तुळांच्या मधल्या जागेत लिहिले, कोणी खंडांच्या खुणाच बदलल्या. उद्देश एवढाच, की सामान्य नक्कल-आज्ञावलीला ती तबकडी वाचता येऊ नये.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे महानुभावांची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत नोंदवून ठेवले. त्यामुळे ते परक्या हातांपासून बचावले आणि त्याच कारणाने विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीची किल्ली उलगडेपर्यंत मराठी वाचकांपासून दूरही राहिले. दोहोंतील भेद अर्थात मोठा आहे. एकीकडे श्रद्धा होती, दुसरीकडे विक्रीचा हिशेब. आणि पंथाने आपली लिपी निदान शिष्यांना शिकवली. खेळांच्या प्रकाशकांपैकी अनेक कंपन्या काही वर्षांत बंद पडल्या आणि त्यांच्या कुलपांच्या किल्ल्या त्यांच्याबरोबर गेल्या.

ही कुलपे फोडली ती चाच्यांनी. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात नक्कलबंदी मोडून खेळ वाटणाऱ्या तरुणांच्या टोळ्या होत्या. त्यांना जतनाची मुळीच फिकीर नव्हती. एका तबकडीवर अधिक खेळ मावावेत म्हणून त्यांनी प्रारंभीची चित्रे गाळली, मधली दृश्ये छाटली, आणि मूळ कर्त्याच्या नावाच्या जागी किंवा त्याच्या आधी आपली टोपणनावे मोठ्या अक्षरांत झळकवली. तरीही पुढची दोन-तीन दशके जे खेळ लोकांना पाहायला मिळत राहिले, ते बहुतांशी या भ्रष्ट प्रतींच्या रूपाने. मूळ तबकड्या संग्राहकांच्या कपाटांत गप्प होत्या आणि भ्रष्ट पाठ जगभर फिरत होता. लिपिकारांच्या प्रमादांनी भरलेल्या पोथ्यांतूनच कितीतरी प्राचीन ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचले आहेत, हे ध्यानात घेतले तर या चाच्यांना केवळ दोष देऊन भागणार नाही. त्यांनी चोरी केली, आणि त्या चोरीमुळेच काही कृती टिकल्या. ही दोन्ही विधाने खरी आहेत.

या भ्रष्ट पाठांच्या शुद्धीकरणाचे काम पुढे सुरू झाले. ‘फोर-ए-एम’ हे टोपणनाव धारण करणाऱ्या एका अभ्यासकाने ‘अ‍ॅपल टू’च्या मूळ तबकड्या मिळवून, कुलूप तेवढे काढायचे आणि बाकी एकही अंश हलवायचा नाही, अशा शिस्तीने शेकडो आज्ञावली मुक्त केल्या, शिवाय प्रत्येक कुलूप कसे होते आणि ते कसे उघडले याचे सविस्तर टिपण सोबत ठेवले. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात ही टिपणे आहेत, आणि त्यांतील काहींना उत्तम पाठचिकित्सेची बैठक आहे. २०१८ मध्ये जॉन मॉरिस यांनी तयार केलेले ‘अ‍ॅपलसॉस’ हे साधन त्याहीपुढे गेले. ते तबकडीवरील अक्षरे वाचण्याच्या भानगडीत न पडता चुंबकत्वाच्या दिशा कोठे आणि किती अंतराने पालटतात एवढेच नोंदवते. त्यामुळे कुलूपसुद्धा प्रतीत उतरते. आता कुलूप हाही संहितेचाच भाग मानला जाऊ लागला, हा दृष्टीतील पालट लहान नाही.

येथे संग्राहकांची बाजू मांडणे अगत्याचे आहे, कारण जतनाची भाषा करणारे तिच्याकडे अनेकदा दुर्लक्ष करतात. इन्फोकॉम या कंपनीने १९८२ मध्ये ‘डेडलाइन’ नावाचा शब्दांवर आधारलेला रहस्यखेळ काढला. त्याच्या खोक्यात पोलिसांचे जबाब, तपासणीचे अहवाल, एवढेच काय, घटनास्थळी सापडलेल्या म्हणून काही गोळ्याही होत्या. रहस्याचा अर्धा मजकूर या कागदांत होता. केवळ तबकडीची प्रत ज्याने राखली, त्याने कादंबरीची अधली-मधली प्रकरणे फाडून ठेवली असेच म्हणावे लागेल. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या १९९० च्या आवृत्तीत एका टप्प्यावर अक्षरे लिहिलेल्या कुप्यांपैकी योग्य ती कुपी प्यावी लागे, आणि योग्य अक्षर कोणते हे हस्तपुस्तिकेतील अमुक पानावरच्या शब्दावरून ठरे. पुस्तिका नसेल तर राजपुत्र तेथेच अडकला. यंत्राचेही तसेच आहे. ‘अ‍ॅपल टू’च्या पडद्यावरील बरेचसे रंग आज्ञावलीत रंग म्हणून लिहिलेलेच नसत, अमेरिकन दूरचित्रवाणीच्या संकेतपद्धतीत ठिपक्याच्या जागेनुसार ते उमटत. तेव्हा त्या प्रकारचा पडदा, किंवा निदान त्याचे तंतोतंत ज्ञान, नसेल तर संहिता शाबूत असूनही चित्र निराळेच दिसते. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेला ‘स्पेसवॉर’ पाहावा. छिद्रांच्या कागदी फितीवरील त्याची आज्ञावली टिकली, आणि आज कोणत्याही संगणकावर ती चालवून पाहता येते. पण पीडीपी-१ या यंत्राच्या गोल पडद्यावर यानांमागे जी मंद विझत जाणारी रेघ उमटे, ती पाहण्यासाठी कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहास संग्रहालयात दुरुस्त करून चालू केलेले मूळ यंत्रच गाठावे लागते.

म्हणून वस्तू टाकून द्यावी असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. वस्तू हा प्रतीच्या खरेपणाचा शेवटचा साक्षीदार असतो. परंतु वस्तूवरची श्रद्धा कोणत्या थराला जाऊ शकते, हे गेल्या काही वर्षांत दिसून आले. जुलै २०२१ मध्ये डॅलस येथील हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ या १९९६ मधील खेळाची एक मोहोरबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. पुढच्याच महिन्यात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची मोहोरबंद प्रत अन्य विक्रेत्यामार्फत २० लाख डॉलरला विकली गेली. अशी प्रत परीक्षकाकडून गुणांकन करून कठीण पारदर्शक पेटीत बंद केली जाते. ती उघडली की तिचे मोल गेले. या दोन्ही खेळांच्या लक्षावधी प्रती निघालेल्या आहेत आणि त्यांच्या संहितेला कसलाच धोका नाही. म्हणजे दुर्मिळ काय आहे, तर वेष्टन. याउलट ज्या खेळाच्या दोन-चारच तबकड्या उरल्या असतील आणि ज्याचे नाव कोणाला आठवत नाही, त्याला लिलावात गिऱ्हाईक नसते. न्यू मेक्सिकोतील अ‍ॅलमोगॉर्डो येथे अटारी कंपनीने १९८३ मध्ये पुरलेला न खपलेला माल एप्रिल २०१४ मध्ये उकरून काढण्यात आला. सुमारे तेराशे कार्ट्रिजे बाहेर निघाली. त्यांतील ‘ई. टी.’ या खेळाची संहिता कधीच हरवलेली नव्हती. विकली गेली ती त्यांना लागलेली माती. इतिहासाचा पुरावा म्हणून त्या मातीचेही मोल आहे, पण जतनाशी तिचा संबंध नाही.

वस्तू जपली आणि संहिता मेली, याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानमधील आहे. कॅपकॉम कंपनीने १९९३ पासून ‘सीपीएस-२’ नावाच्या मंडलावर आपले नाणे टाकून खेळायचे खेळ आणले. नक्कल होऊ नये म्हणून त्यांची आज्ञावली गूढलिपीत होती, आणि ती उलगडण्याची किल्ली एका बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या स्मृतीत ठेवली होती. बॅटरी संपली की किल्ली गेली. किल्ली गेली की मंडल निष्प्राण. खेळगृहांच्या धंद्यात काही वर्षांचा हिशेब असतो, त्यापुढचा विचार कोणी केला नाही. पुढे संग्राहकांनी ही मंडले जिवापाड जपली, आणि ती त्यांच्या कपाटांत एकेक करून मरू लागली. २००७ मध्ये निकोला साल्मोरिया आणि आंद्रेआस नाइव्ह यांनी त्या गूढलिपीचे गणित सोडवले. हे साल्मोरिया म्हणजे १९९७ मध्ये ‘मेम’ हा प्रकल्प सुरू करणारे इटालियन गृहस्थ. जुन्या खेळयंत्रांचे वर्तन आज्ञावलीच्या रूपात नोंदवून ठेवणे हा त्या प्रकल्पाचा घोषित हेतू. त्यावर खेळ खेळता येतात हे त्याचे आनुषंगिक फळ. २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूस यांनी मृत मंडलात किल्ली पुन्हा कशी भरावी हेही शोधून काढले. संग्राहकांची मंडले पुन्हा सजीव झाली ती संहितेमागे लागलेल्या लोकांच्या कष्टांमुळे. आणि त्या लोकांना अभ्यासासाठी मंडले मिळाली कोठून, तर संग्राहकांकडून.

मूळ आज्ञासंहितेची, म्हणजे कर्त्याने स्वतः लिहिलेल्या मसुद्याची, कथा आणखी वेगळी आहे. बाजारात जाते ते यंत्राला कळणारे रूप. कर्त्याची टिपणे, त्याने दिलेली नावे, खोडलेले मार्ग हे सारे मसुद्यात असते. जॉर्डन मेकनर यांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ मध्ये ‘अ‍ॅपल टू’साठी पूर्ण केला. त्यातील राजपुत्राच्या धावण्या-उडण्यामागे त्यांच्या धाकट्या भावाची १९८५ मध्ये घेतलेली चलत्चित्रे होती. हा खेळ असंख्य यंत्रांवर गेला, मात्र त्याचा मसुदा हरवला. मेकनर यांनी शोधूनही तो सापडेना. २०१२ च्या वसंतात त्यांच्या वडिलांना जुन्या सामानात एक खोके मिळाले. त्यात साडेतीन इंची तबकड्या होत्या. त्या वाचण्यासाठी जेसन स्कॉट आणि टोनी डायझ हे जुनी यंत्रे घेऊन मेकनर यांच्या घरी गेले. तेवीस वर्षे पडून असलेल्या तबकड्या बोलल्या, आणि एप्रिल २०१२ मध्ये तो मसुदा सर्वांना वाचण्यासाठी खुला झाला. जगप्रसिद्ध कृतीच्या कर्त्याजवळ तिचा मसुदा नव्हता. तो वडिलांच्या अडगळीत सुरक्षित राहिला. ज्यांच्या वडिलांनी अडगळ वेळेवर विकून टाकली, त्यांच्याविषयी इतिहासाला काही सांगता येत नाही.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात कोणत्याही रूपात उपलब्ध नव्हते. ग्रंथालयांनी आपल्याजवळचे असे खेळ संशोधकांना दुरून पाहू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. संशोधकाने ग्रंथालयाच्या इमारतीत यावे, हा नियम कायम राहिला. फ्रान्सने मात्र १९९२ च्या कायद्याने आज्ञावली आणि बहुमाध्यम कृती यांनाही ग्रंथांप्रमाणे राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करणे बंधनकारक केले. त्यामुळे पॅरिसमध्ये हा प्रश्न संग्राहकांच्या मर्जीवर राहिला नाही.

भारतात १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातील ‘साहित्यकृती’ या संज्ञेत संगणक-आज्ञावलीचा समावेश झाला. कायद्याच्या दृष्टीने संगणक-खेळाची आज्ञावली ही कादंबरीच्या शेजारी बसते. परंतु पुस्तके ग्रंथालयांत जमा करण्याच्या १९५४ च्या कायद्यात, ज्याअन्वये कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील ग्रंथालये प्रती घेतात, ‘पुस्तक’ म्हणजे खंड, पुस्तिका, संगीताचे वा नकाशाचे छापील पत्र. तबकडीला त्या व्याख्येत जागा नाही. त्यातून भारतातील खेळांचा प्रवास प्रारंभापासूनच नकलांचा. नव्वदीच्या दशकात घराघरांत दूरचित्रवाणीला जोडले जाणारे यंत्र बहुधा निन्टेन्डोच्या जपानी यंत्राची नक्कल असे. शेकडो खेळांचा दावा करणाऱ्या त्याच्या कार्ट्रिजात दहा-वीसच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत, आणि त्यांतून मूळ कंपनीचे नाव खरवडून काढलेले असे. संगणक-वर्गांत फ्लॉपीवरून फ्लॉपीवर खेळ उतरत. संग्राहकाच्या लेखी हे सारे बनावट, म्हणून जपण्यास अपात्र. पाठचिकित्सकाच्या लेखी मात्र भारतीय उपखंडातील एका पिढीने प्रत्यक्ष जो पाठ अनुभवला तो हाच. त्याच्या मोहोरबंद प्रती कोठे असण्याचा संभव नाही, आणि उरलेल्या प्रती भंगारात जात आहेत.

कायद्याने प्रत काढण्यास दिलेल्या मुभांपैकी दोन येथे महत्त्वाच्या आहेत. आज्ञावली कायदेशीरपणे ज्याच्याजवळ आहे त्याला ती नष्ट होऊ नये म्हणून प्रत ठेवता येते, पण निव्वळ तात्पुरते संरक्षण म्हणून आणि मूळ उपयोगापुरतीच. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी कोणतीही कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवण्याची परवानगी मिळाली. अट एवढीच, की त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयाजवळ आधीपासून असावी. संगणक-खेळाच्या खोक्यात अंकीय नसलेले असे दोनच पदार्थ असतात, हस्तपुस्तिका आणि स्वतः ते खोके. कलम काटेकोर वाचले तर ग्रंथपालाला त्यांच्या प्रती करता येतील. तबकडी तेवढी बाजूला ठेवावी लागेल.